ब्युनोस आयर्स: पायी फिरायचं की बस-सुब्तेने (म्हणजे तिथल्या मेट्रोने)?

पायवाट:
ब्युनोस आयर्सला तीन-चार दिवस मिळत असतील तर टूरवाल्याची एसी बस घेऊ नका, दर ठिकाणी टॅक्सीही करू नका, चालत फिरा. माझं ठाम मत आहे आणि वाद घालायचीही तयारी आहे. तीस लाखांवर वस्तीचं शहर, पण मधला भाग जवळजवळ सगळा चौकोनी आखलेला. एक ब्लॉक (तिथे क्वाद्रा म्हणतात) साधारण १०० मीटरचा आणि घरनंबरही ब्लॉकमागे १००ने वाढतात. म्हणजे सान्ता फे १८६० असा पत्ता असला, जुन्या थिएटरात पुस्तकांचं दुकान थाटलंय ते एल आतेनेओ इथेच, तर नंबर सुरू होतात तिथून अठरा-एकोणीस ब्लॉक, मॅप उघडायचं कामच नाही. दक्षिणोत्तर रस्त्यांचे नंबर रिवादाव्हिया रस्त्यापासून सुरू होतात, आणि तो ओलांडला की रस्त्याचं नावच बदलतं, फ्लोरिडाचा पेरू होतो, रेकोन्किस्ताचा देफेन्सा होतो. एवढं डोक्यात बसलं की हरवायला होत नाही.

पहिल्या दिवशी प्लाझा दे मायोपासून सुरुवात करा, गुलाबी कासा रोसादा (राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय) बघा आणि आवेनिदा दे मायोने सरळ काँग्रेसच्या इमारतीपर्यंत चालत जा. दीड किलोमीटरच्या आसपास अंतर आहे पण वाटेत १८५८चं कॅफे तोर्तोनी, १९२३ची पालासिओ बारोलो ही इमारत, मध्येच नुएव्हे दे हुलिओचा तो अवाढव्य रस्ता, तिथून उजवीकडे ओबेलिस्क दिसतो. गुरुवार असेल तर दुपारी साडेतीनला प्लाझातच थांबा. लष्करी राजवटीत गायब झालेल्या मुलांच्या आया १९७७पासून तिथे फेरी काढतायत. गाडीतून हे काय दिसणार?

गुडघेवाली:
मी नोकरीनिमित्त तिथे राहिलेय आणि "चालत फिरा" हा सल्ला असा सरसकट देऊ नये असं मला मनापासून वाटतं. शहर २०० चौरस किलोमीटरचं आहे हो! प्लाझा दे मायोपासून पालेर्मोची झाडी-कॅफेवाली बाजू सहा-सात किलोमीटर लांब, आणि मधला सान्ता फेचा पट्टा म्हणजे दुकानामागून दुकानं. त्यात दोन तास घालवून पालेर्मोला पोचेपर्यंत पाय गेलेले असतात, मग रोसेदाल बाग कधी बघणार? डी लाइनच्या सुब्तेने प्लाझा इतालियाला उतरा आणि तिथून चालायला लागा की. आणि सुब्ते ही पण बघायचीच गोष्ट आहे, ए लाइन १९१३ची, दक्षिण अमेरिकेतली पहिली. सुबे कार्ड (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या, बसला पण तेच चालतं, फक्त बसमध्ये ड्रायव्हरला आधी कुठे उतरायचं ते सांगायचं, तो भाडं लावतो, मग कार्ड टेकवायचं. आणि स्टॉपवर हात दाखवा, नाहीतर बस थांबत नाही.

ला बोका या जुन्या बंदराकडच्या वस्तीबद्दल तर एक शब्द नाही तुमच्या पोस्टमध्ये. लोक मॅप बघतात, सान तेल्मो या जुन्या भागाहून जवळच दिसतं, आणि चालत निघतात. कृपया जाऊ नका. कामिनितोचे रंगीत पत्र्यांचे चार-सहा ब्लॉक दिवसा ठीक आहेत, त्याच्या बाहेर एकट्याने भटकू नका. २९, ६४ किंवा १५२ नंबरची बस थेट तिथे जाते.

पायवाट:
ला बोकाला बसनेच जावं, यात वादच नाही ताई. रात्री कोन्स्तितुसिओन स्टेशनच्या आसपास आणि रेतिरोच्या बस टर्मिनसच्या मागे पण नको. पण सान्ता फेबद्दल असहमत. आतेनेओत अर्धा तास, तिथून रेकोलेताच्या दफनभूमीकडे वळा, एव्हिताची (राष्ट्राध्यक्ष पेरॉनची लोकप्रिय पत्नी) कबर बघा आणि बागेत टेकून घ्या. सात किलोमीटर एका दमात चाला असं मी म्हणतच नाहीये. आणि नोव्हेंबरात जाणार असाल तर जकारांदा फुललेले असतात, रस्तेच्या रस्ते जांभळे, ते जमिनीखालून कसं दिसणार तुम्हीच सांगा.

आजराचा_अण्णा:
दोघांचंही वाचलं. पण फूटपाथवर कोणी बोललंच नाही. लाद्या बऱ्याच ठिकाणी सुट्या असतात, पाऊस पडून गेल्यावर पाय ठेवला की खालचं गढूळ पाणी पिचकारीसारखं पँटवर येतं. शिवाय कुत्र्यांची घाण. म्हणजे वर बाल्कन्या बघत चालायचं शहर आणि नजर मात्र खाली ठेवावी लागते. चांगले बंद बूट घाला, सँडल नको. आणि सिग्नल हिरवा आहे म्हणून बिनधास्त पाऊल टाकू नका, वळणाऱ्या गाड्या तुमच्यासाठी थांबतीलच असं नाही. नुएव्हे दे हुलिओ साधारण १४० मीटर रुंद आहे, एका सिग्नलमध्ये पार होत नाही, मधल्या बेटावर थांबा, पळू नका. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे आधीच सांगून ठेवा.

उनाडमुलगी:
अण्णा बरोबर. आणि फोन!! फूटपाथच्या कडेला उभं राहून मॅप बघायचा नाही, मोटरसायकलवाले हातातून खेचून नेतात. बघायचाच असेल तर दुकानात शिरा किंवा भिंतीकडे वळून बघा. अंगावर मस्टर्डसारखं काहीतरी उडवून "अरेरे, पुसून देतो" म्हणत कोणी जवळ आलं तर थांबूच नका, सरळ चालत राहा, बॅगवर डोळा असतो त्यांचा. पण मी पायवाटच्या बाजूने आहे. एकटी फिरलेय, दिवसा सान तेल्मो, रेकोलेता, पालेर्मो, कुठेच अवघडल्यासारखं वाटलं नाही. रविवारी देफेन्सावरची जुन्या वस्तूंची जत्रा तर चालतच बघायची गोष्ट आहे, गर्दीत बॅग पुढे घ्या म्हणजे झालं.

गुडघेवाली:
दिवसा, हो. पण तिथे जेवणंच रात्री नऊनंतर सुरू होतात, मग साडेअकराला बाहेर पडून वीस ब्लॉक चालत परत यायचं? मी नाही सांगणार कोणाला. तेव्हा सुब्ते बंद होत आलेली असते, बऱ्याच बसेस रात्रभर असतात, नाहीतर ॲपवरून गाडी बोलवा. पैसे वाचवायची ती वेळ नाही.

पायवाट:
वर्दळीचा रस्ता असेल तर मी रात्री पण चालतो. कोरिएन्तेस या थिएटरांच्या रस्त्यावर नाटकं सुटतात तेव्हा लोक पिझ्झ्याच्या दुकानांत उभ्याने खात असतात, अकरा वाजता पण गजबज असते. गल्लीत वळायचं झालं की गाडी, एवढं मान्य.

शाकाहारी_सातारा:
पिझ्झ्याचं निघालं म्हणून. चालता चालता खायला शाकाहारी काय मिळेल? आईबाबा पण आहेत बरोबर, जानेवारीत जातोय.

उनाडमुलगी:
फुगाझेता म्हणजे कांदा-चीजचा पिझ्झा, पोट भरतं. एम्पनादा (करंजीसारखा भरलेला पदार्थ) घेताना मक्याचा उमिता किंवा कांदा-चीजचा मागा. मेदियालुना (छोटा क्रोसाँ) विचारून घ्या, "दे ग्रासा" मध्ये प्राण्याची चरबी असू शकते, लोण्याच्या "दे मान्तेका" मागा. नळाचं पाणी पिता येतं, बाटली भरून घ्या.

गुडघेवाली:
जानेवारी म्हणजे तिथला भर उन्हाळा, दमटही. आईबाबांना सकाळी अकरापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतरच चालवा, मधल्या वेळात म्युझियम नाहीतर कॅफे. पूर्व-पश्चिम रस्त्यावर दुपारी सावली हवी असेल तर उत्तरेकडचा फूटपाथ धरा, तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. आणि पुएर्तो मादेरोपलीकडचं कोस्तानेरा सूरचं अभयारण्य करायचं असेल तर सोमवार टाळा, बंद असतं, पाऊस झाला तरीही बंद ठेवतात.