रिव्हर्स मॉर्गेजआधीच्या सक्तीच्या समुपदेशनाला १७५ डॉलर मागताहेत. ताईने भरावे का?

आर्वीचा_मास्तर:

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, आता वावर पाहतो. प्रश्न माझ्या मोठ्या ताईचा आहे.

ताई न्यू जर्सीत असते, वय ७४. भाटवे, म्हणजे ताईचे यजमान, मागच्या साली वारले. घराचं कर्ज फिटलेलं आहे आणि घर आता तिच्या एकटीच्या नावावर आहे. पण सोशल सिक्युरिटीच्या (तिकडच्या सरकारी पेन्शनच्या) पैशात घराचा कर, विमा, हिवाळ्यातलं हीटिंग आणि औषधं हे सगळं बसत नाही. भाचा टेक्सासला. त्याची दोन पोरं कॉलेजात. त्याच्यापुढे हात पसरायचा नाही, हे ताईचं पक्कं आहे.

तिच्या ओळखीतून एक कर्जवाला घरी आला. त्याने रिव्हर्स मॉर्गेज समजावलं. घर विकायचं नाही, महिन्याचा हप्ता भरायचा नाही, उलट घराच्या किमतीवर पैसे तुम्हालाच मिळतील. ताईला पटलं. मग तो म्हणाला, अर्ज पुढे सरकवण्याआधी एका मान्यताप्राप्त समुपदेशकाशी बोलून प्रमाणपत्र आणावं लागेल, त्याची फी १७५ डॉलर. म्हणजे आपले पंधरा हजारांच्या आसपास. संस्थेचं नाव आणि फोन नंबरही त्यानेच लिहून दिला.

ताईचा फोन आला तेव्हा मी तुरीत होतो. म्हणाली, "अरे, कर्ज भेटाच्या आधीच पैसे मांगून राह्यले हे लोकं. कर्ज नाही भेटलं तं हे पैसे गेलेच ना? काहून देऊ मी?"

मलाही तसंच वाटलं. तिकडे एकट्या म्हाताऱ्या बायांना फोन करून लुबाडणारे पुष्कळ आहेत म्हणतात. हा प्रकार खरा असतो का? फी एवढीच असते का? टाळता येते का?

ताईचा जीव इकडे अडकला आहे. पैशाची सोय लागली की दसऱ्याला येते अन् पाऊस पडेपर्यंत राहते, असं म्हणते. तिच्यासाठी अंगणाकडची खोली मी पक्की करून घेतली, कमोडचं संडासही आतच बांधलं. त्यामुळे हे लवकर मार्गी लागावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जाता जाता आणखी एक. आपल्याकडे खेड्यातल्या घरावर असं काही मिळतं का? आमच्या घरचीही विचारते आहे.

अमरावतीकर:

मास्तर, कर्जाच्या आधी पैसे मागितले की मागे फिरायचं, हा माझा नियम आहे. आमच्या गावात मोबाईलवरच्या कर्जापायी एका म्हाताऱ्याने "प्रोसेसिंग"चे म्हणून पैसे भरले, पुढे ना कर्ज आलं ना फोन लागला. ताईंना म्हणा, एक रुपया देऊ नका.

वरोऱ्याची_सून:

अमरावतीकर, तुमची काळजी रास्त आहे, पण इथे तो नियम लावला तर ताईंचं काम अडेल. ही फी खरी असते. मास्तर, पैसे द्यायचे की नाही यापेक्षा ते कोणाला द्यायचे, हे आधी बघा.

माझं सासर वरोऱ्याचं, आम्ही राहतो ओहायोत. सासूबाईंनी हेच कर्ज काढलं, तेव्हा समुपदेशनाच्या फोनवर मी त्यांच्या शेजारी बसले होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताईंना सांगितलेलं कर्ज बहुतेक एचईसीएम असणार, म्हणजे रिव्हर्स मॉर्गेजचा सरकारी विम्याचा प्रकार. त्याला तिकडच्या केंद्र सरकारच्या एफएचए या गृहकर्ज-विमा संस्थेचा विमा असतो आणि वय ६२ पूर्ण लागतं. या कर्जात समुपदेशन कायद्यानेच सक्तीचं आहे आणि ते एचयूडी या गृहनिर्माण खात्याने मान्य केलेल्या समुपदेशकाकडूनच घ्यावं लागतं. ते झाल्याशिवाय कर्ज देणाऱ्याला घराचं मूल्यांकनसुद्धा मागवता येत नाही. प्रमाणपत्र १८० दिवस चालतं.

फी साधारण १२५ ते २०० डॉलर. त्यामुळे १७५ काही जगावेगळे नाहीत. पण फी आधी सांगणं संस्थेवर बंधनकारक आहे आणि ज्याला परवडत नाही त्याला केवळ फीपायी परत पाठवता येत नाही. ताईंनी फोनवर पहिल्यांदा आपली मिळकत सांगावी आणि माफी किंवा सवलत आहे का, ते स्पष्ट विचारावं. यात लाजण्यासारखं काही नाही. काही संस्था ती रक्कम आधी न घेता कर्ज मंजूर झाल्यावर त्यातून वळती करून घेतात. तेही विचारावं.

आता मला खटकलेली गोष्ट. कर्जवाल्याने एकाच संस्थेचं नाव लिहून दिलं, हे बरोबर नाही. त्याने मान्य संस्थांची यादी द्यायची असते आणि निवड ताईंची असते. अमुक ठिकाणीच जा, असं त्याला म्हणता येत नाही. २००८ च्या कायद्याने समुपदेशक कर्ज देणाऱ्यापासून पूर्ण वेगळा ठेवला आहे, त्याचे पैसे कर्जवाल्याने भरलेले चालत नाहीत. म्हणूनच ते ताईंकडून मागतात. या सगळ्या व्यवहारात कर्ज झालं काय नि न झालं काय, ज्याचं काही बिघडत नाही असा माणूस ताईंना हा एकच भेटणार आहे. एचयूडीच्या संकेतस्थळावर राज्याप्रमाणे यादी आहे. भाच्याला तिथून दोन-तीन नावं काढायला सांगा.

बाकीच्या खर्चाशी ताडून बघा. समजा घर ३ लाख डॉलरचं धरलं. विम्याचा सुरुवातीचा हप्ता किमतीच्या २ टक्के, म्हणजे ६,००० डॉलर. कर्ज उभं करण्याची फी पहिल्या २ लाखांवर २ टक्के आणि वरच्या रकमेवर १ टक्का, म्हणजे ५,००० पर्यंत (कमाल मर्यादा ६,०००). शिवाय मूल्यांकन, कागदपत्रं, आणि दर साली शिल्लक कर्जावर अर्धा टक्का विमा. हे बहुतेक कर्जातूनच कापलं जातं, हातून द्यावं लागत नाही, म्हणून डोळ्यांत येत नाही. १७५ रोख मागतात म्हणून तेवढे टोचतात.

सासूबाईंचा फोन तासाभराच्या वर चालला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन स्पीकरला लावला होता, बाजूला संस्थेने आधी पाठवलेले कागद. समुपदेशक बाईंनी आधी मिळकत नि खर्च विचारला. मग सासूबाईंना कितपत समजलं आहे ते बघायला एकेक प्रश्न. घर कोणाच्या नावावर राहील? "माझ्याच," हे बरोबर सांगितलं. घराचा कर कोण भरेल? सासूबाई अडखळल्या. हप्ता नाही म्हणजे करही बँकच भरणार, असं त्या धरून चालल्या होत्या. कर, विमा आणि घराची डागडुजी कर्जदाराकडेच असते आणि ती थकली तर घर जप्तीला जाऊ शकतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. कर्जवाल्याने सांगितलं नव्हतं असं मी म्हणत नाही. पन्नास गोष्टींत ती एक होती.

समुपदेशक घ्या किंवा नका घेऊ, असं सांगत नाही. ती अपेक्षा ठेवू नका.

आणि मास्तर, तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. दसऱ्याला येऊन पाऊस पडेपर्यंत म्हणजे आठ महिने! एचईसीएममध्ये ते घर कर्जदाराचं मुख्य राहतं घर असावं लागतं, वर्षातला बहुतांश काळ तिथे काढावा लागतो. आजारपणाशिवाय सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर घर सोडलं असं धरून सगळं कर्ज एकदम मागता येतं. दवाखान्यात किंवा वृद्धाश्रमात असेल तर ती मर्यादा सलग १२ महिने. दर साली "मी याच घरात राहते" असं सहीनिशी कळवायचं पत्रही येतं. ते पत्र तिकडच्या पेटीत पडलं आणि ताई तुमच्या अंगणात, तर उत्तर कोण देणार?

हाच प्रश्न १७५ डॉलर देऊन त्या समुपदेशकाला विचारायचा आहे.

आर्वीचा_मास्तर:

वरोऱ्याची सून, तुमचे फार उपकार झाले. तुमचं उत्तर मी ताईला फोनवर वाचून दाखवलं. आठ महिन्यांचं ऐकल्यावर ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे घर माह्यं, पण मी कुठं राहाचं ते त्यायनं ठरवाचं?" मला काही सुचलं नाही. नंतर तिनेच हिशेब केला. दिवाळीला यायचं, होळी करून परत जायचं. तेवढं चालेल का, हे आता ती स्वतः विचारणार आहे.

कर्जवाल्याने दिलेला नंबर बाजूला ठेवला. भाच्याने यादीतून दुसरी संस्था काढली. तिथे मिळकत विचारली आणि कागद पाहून फी कमी करता येईल का ते सांगतो म्हणाले. भाच्याने आईच्या खर्चाचे आकडे पहिल्यांदा पाहिले. तो सध्या गप्प आहे.

आपल्याकडच्या घराचं कोणी सांगेल का?

दारव्ह्याचा_बँकवाला:

मास्तर, मी राष्ट्रीयीकृत बँकेत ग्रामीण शाखांमधून काम केलं, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो.

योजना आपल्याकडे आहे. २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली, राष्ट्रीय आवास बँकेने नियम काढले. वय ६० पूर्ण, जोडीदार असेल तर तो किंवा ती किमान ५५. पैसे महिन्याला, तिमाहीला किंवा काही भाग एकरकमी घेता येतात. एकरकमी पात्र रकमेच्या निम्म्यापर्यंत आणि जास्तीत जास्त १५ लाख. मिळणाऱ्या रकमेवर आयकर लागत नाही. दोघंही गेल्यावर वारसांना कर्ज फेडून घर सोडवायचा पहिला हक्क असतो आणि घराच्या किमतीपेक्षा जास्त वसुली होत नाही. सही झाल्यावरही तीन कामकाजाच्या दिवसांत माघार घेता येते, असंही त्या नियमांत आहे.

पण घर स्वकष्टार्जित हवं, स्वतः राहतं हवं आणि मालकी निर्विवाद हवी. आपल्या खेड्यांत गाडी तिथेच अडते. घर बहुधा आजोबांपासूनचं, चार भावांचा हिस्सा, वाटणी तोंडी. हातात असतो ग्रामपंचायतीचा नमुना ८. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा म्हणून बँक तेवढ्यावर भागवत नाही. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्ता पत्रक देताहेत. ते तुमच्या गावात आलं असेल तर आधी ते काढा. तरीही घर वडिलोपार्जित असेल तर अडचण राहतेच. वावरावर हे कर्ज मिळत नाही.

खेड्यातलं असं एकही प्रकरण माझ्या हातून झालं नाही. तालुक्याच्या गावी एनए (बिगरशेती) प्लॉटवर स्वतः बांधलेलं घर असेल तर बोलता येतं.

आता फीबद्दल. अमेरिकेसारखा वेगळा, मान्यताप्राप्त आणि सक्तीचा समुपदेशक आपल्याकडे नाही. समजावून सांगणार ती कर्ज देणारी बँकच. मी त्या खुर्चीवर बसलो आहे आणि पूर्ण प्रामाणिकपणे सांगतो, समोर रांग असताना एका आजीला तासभर देणं शाखेत होत नाही. नियत वाईट नसते, वेळ नसतो. शिवाय कर्ज वाटपाचं उद्दिष्ट डोक्यावर असतं. फी द्यावी लागली तरी चालेल, पण असा त्रयस्थ माणूस आपल्याकडेही सक्तीचा असावा, असं मला मनापासून वाटतं. तोवर ओळखीच्या वकिलाला किंवा सीएला त्याचे पैसे द्या, बँकेच्या कागदांचा मसुदा घरी आणा आणि सगळ्या मुलांना समोर बसवून वाचून घ्या. मुली सासरी असल्या तरी त्यांना बोलवा, हिस्सा त्यांचाही आहे.

आर्वीचा_मास्तर:

आमचं घर वडिलांनी बांधलेलं, तेव्हा आमचा विषय मिटला. घरचीला तसं सांगितलं.

ताईचं समुपदेशन पुढच्या आठवड्यात ठरलं. भाचा त्याच फोनवर राहणार आहे, संस्थेने हरकत नाही म्हणून सांगितलं. ताईने प्रश्न वहीत लिहून मला वाचून दाखवले. दिवाळी ते होळी बाहेर राहिले तर चालेल का, आणि जाण्याआधी कोणाला लेखी कळवायचं? सालाचं पत्र भाच्याच्या पत्त्यावर येऊ शकतं का? इकडे असताना आजारी पडले आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला तर कोणता नियम लागेल? माझ्यानंतर मुलाला घर ठेवायचं असेल तर त्याला किती भरावं लागेल?

वरोऱ्याची सून, यात आणखी काही राहिलं का?

वरोऱ्याची_सून:

चांगले प्रश्न आहेत. शेवटच्याचं थोडं मी सांगते. वारसाने शिल्लक कर्ज किंवा घराच्या त्या वेळच्या मूल्यांकनाच्या ९५ टक्के, यातली जी रक्कम कमी असेल ती भरली की घर त्याचं.

एक प्रश्न जोडा. पुढच्या दहा वर्षांचा घराचा कर आणि विमा या कर्जातूनच बाजूला काढून ठेवता येतो का, आणि तसा ठेवला तर ताईंच्या हातात महिन्याला किती उरतात? आकडा मागा, आणि भाच्याला तो लिहून घ्यायला सांगा.