शिक्षण विभागाचे संगणक मुक्तस्रोत प्रणालीवर एकत्र आणायचे आहेत. सुरुवात कोठून करावी?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यात शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात संगणकाचे काम पाहतो. जिल्ह्यात १५ तालुके असून प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात चार-सहा संगणक आहेत; प्रत्येकावर निराळी प्रणाली, निराळा पासवर्ड (तो बहुधा मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला) आणि एकाच तक्त्याच्या पाच-पाच आवृत्त्या. माहिती पेनड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरते. यू-डायस (शाळांच्या माहितीची नोंद) आणि शालार्थ (शिक्षकांचे वेतन) यांच्याशी या प्रश्नाचा संबंध नाही, कारण त्या व्यवस्था वरूनच चालतात. मला विचारायचे आहे ते कार्यालयाच्या आतल्या कामाविषयी, म्हणजे आवक-जावक, पत्रव्यवहार, शाळाभेटींचे अहवाल आणि शिक्षकांच्या याद्या यांविषयी.

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि आमची बरीच यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे सर्व संगणकांवर एकदमच लिनक्स (मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेली प्रणाली) टाकून सगळी माहिती जिल्ह्याच्या एका सर्व्हरवर आणावी, असा वरिष्ठांचा कल आहे. मला त्यातील ‘एकदमच’ या शब्दाची धास्ती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना टंकलेखक

धास्ती रास्त आहे. लिनक्सचा विचार महिनाभर बाजूला ठेवा आणि आधी आपल्या फायली कोणत्या फॉन्टमध्ये आहेत ते पाहा. शिवाजी, कृतिदेव, श्री-लिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली मराठी ही संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. ती रोमन अक्षरे असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेश चढवतो. असा मजकूर सर्व्हरवर नेलात, तर एखाद्या शाळेचे नाव शोधूनही सापडणार नाही आणि याद्यांचा अकारविल्हे क्रमही लागणार नाही.

रूपांतर करणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, दोन्हींचा क्रम नेमका उलट असतो. जोडाक्षर आले की साधने हमखास येथेच चुकतात. माझ्या जुन्या कार्यालयात एका यादीतील सगळे ‘वर्मा’ आणि ‘शर्मा’ असे बिघडले होते की ती यादी शेवटी हातानेच दुरुस्त करावी लागली. म्हणून चालू वर्षाच्या फायली तेवढ्या रूपांतरित करून तपासून घ्या आणि जुन्यांची पीडीएफ करून ठेवा. नवे टंकलेखन मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच झाले पाहिजे. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलक लिनक्समध्येही असतो, त्यामुळे आज विंडोजवर बसलेला हात उद्या वाया जाणार नाही.

सर्व्हरघर

वरील मताशी सहमत आहे. तांत्रिक बाजूने सांगायचे, तर टेबलावरचे संगणक सर्वांत शेवटी बदला. आधी ओळख एकत्र करा, म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याचे एकच खाते आणि एकच पासवर्ड असू द्या. डेबियनवर (लिनक्सचाच एक प्रकार) सांबा हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवले, तर ते डोमेन कंट्रोलरचे, म्हणजे सर्वांची खाती व पासवर्ड एका जागी तपासण्याचे, काम करते (ही सोय २०१२ च्या ४.० आवृत्तीपासून आहे) आणि त्याला विंडोज व लिनक्स दोन्ही संगणक जोडता येतात, त्यामुळे संक्रमणाच्या काळात कोणाचेही काम अडत नाही. फायली आपल्याच सर्व्हरवर ठेवून वाटून घेण्यासाठी नेक्स्टक्लाउड आणि आवक-जावक नोंदींसाठी पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस पुरेसा आहे.

केंद्रीकरण म्हणजे सगळे काम जिल्ह्याच्या तारेवर लटकवणे नव्हे. पावसाळ्यात सुरगाणा किंवा पेठ येथील इंटरनेटची लाइन दोन दिवस गेली, तर तेथील लिपिकाला आपल्याच संगणकात शिरता आले पाहिजे. लिनक्सवरील एसएसएसडी ही सेवा एकदा पडताळलेला पासवर्ड संगणकातच जपून ठेवू शकते, आणि नेक्स्टक्लाउडमुळे फायलीची प्रत स्थानिक डिस्कवर राहते. परंतु लाइन नसताना दोघांनी एकच तक्ता बदलला, तर नंतर दोन प्रती समोर येतात. यावर तांत्रिक उपाय शोधत बसू नका. कोणता तक्ता कोणी भरायचा हे कार्यालयीन आदेशानेच ठरवा.

मखमलाबाद नाका

दोघांनीही मुख्य मुद्द्याला बगल दिली आहे, असे नम्रपणे म्हणतो. परवान्याचे पैसे वाचतील हे खरे, पण हा सर्व्हर सांभाळणार कोण? केरळचा दाखला आपल्याकडे नेहमी दिला जातो. तेथे २००१ मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प सुरू झाला, शिक्षकांमधूनच प्रशिक्षक घडवले गेले, आणि २०१७ मध्ये त्याच कामासाठी काइट ही सरकारी कंपनी उभी राहिली. उलट म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. केंद्र सरकारचे २०१५ चे धोरणही मुक्तस्रोत पर्यायाला प्राधान्य देण्यास सांगते, म्हणून कागदोपत्री आपल्याला अडचण येणार नाही. अडचण येईल ती आपली बदली झाल्यावर.

गोदाकाठ (नाशिक)

मखमलाबाद नाका यांचा मुद्दा जिव्हारी लागला, कारण आमच्याकडे हे काम जाणणारा मी एकटाच आहे आणि तोही कंत्राटी. मग हा विचारच सोडून द्यावा काय?

सर्व्हरघर

सोडू नका, पण व्याप लहान ठेवा. पहिले सहा महिने जिल्हा कार्यालय आणि जवळचा एकच तालुका, समजा सिन्नर, एवढेच घ्या. दुसऱ्या एका लिपिकाला आजपासूनच शेजारी बसवा आणि सर्व्हरला दिलेली प्रत्येक आज्ञा मराठीत समजावून वहीत उतरवून ठेवा. बॅकअपची एक प्रत दुसऱ्या इमारतीत असू द्या. दर तीन महिन्यांनी त्या प्रतीवरून रिकाम्या यंत्रावर सर्व्हर पुन्हा उभा करून पाहा, आणि तो त्या लिपिकाने केवळ वही वाचून उभा करावा. तुम्ही त्या वेळी खोलीबाहेर थांबा. त्याला ते जमले, की मगच दुसरा तालुका घ्या.

गोदाकाठ (नाशिक)

आभारी आहे. सोमवारी वरिष्ठांपुढे सिन्नरपुरताच प्रस्ताव ठेवतो. फॉन्टची मोजणी आजच सुरू केली असून पहिल्याच संगणकावर चार प्रकार निघाले आहेत.