भारी डेस्कटॉप स्वतः जोडू की तयार घेऊ?

प्रश्न: एडिटिंग आणि थ्रीडी रेंडरिंगसाठी दणकट मशीन हवंय, आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड डोक्यात आहे. जोडायचा अनुभव शून्य, प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवायचा म्हटलं तरी धडधडतं, पण तयार मशीनच्या आत नेमकं काय भरतात तेही कळत नाही. काय करू?

प्रतिसाद १: जोडच. मी तयार घेतलं होतं, पुढे पॉवर सप्लाय गेला आणि बदलायला गेलो तेव्हा कळलं की मदरबोर्डवरचा कनेक्टरच त्या कंपनीचा वेगळा, बाजारातला साधा एटीएक्स (प्रमाणित मापाचा) सप्लाय बसेचना, म्हणजे बोर्डही बदला आणि मग कॅबिनेटही. फार चिडचिड झाली. ४०९० एकटंच ४५० वॅट खातं, १००० वॅटचा चांगला सप्लाय घे, तिथे काटकसर नकोच. आणि कार्डाची १६ पिनची केबल शेवटपर्यंत आत गेलीये का नीट बघ, अर्धवट राहिली तर कनेक्टर वितळू शकतो.

प्रतिसाद २: कामाच्या डेडलाइन असतील तर मी तयारच सांगेन. जोडलेलं मशीन सुरू झालं नाही की रॅम, बोर्ड की सप्लाय हे शोधण्यातच दिवस जातात. फक्त प्रत्येक पार्टचं मॉडेल लेखी माग, रॅमची एक स्टिक आहे की दोन तेसुद्धा.

प्रश्नकर्ता: जोडायचंच ठरवतोय, कुठे चुकतात लोक?

प्रतिसाद १: कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढायला विसरतात. रॅमचे चार स्लॉट असले तर रॅमच्या दोन स्टिक बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू कर, नाहीतर ६००० वेगाची डीडीआर५ रॅम बऱ्याचदा ४८००वरच चालत राहते. अडलास तर फोटो टाक इथे.