अल्जेरियाची फुटबॉल टीम: घरची किती आणि फ्रान्सची किती?

रानवारा (धागाकर्ता)

२०२६ च्या वर्ल्ड कपच्या ड्रॉमध्ये अल्जेरिया आणि ऑस्ट्रिया एकाच ग्रुपात आले आणि लगेच जिकडेतिकडे १९८२ चं हिहॉन (स्पेनमधलं शहर, ती बदनाम जर्मनी-ऑस्ट्रिया मॅच तिथलीच) उगाळणं सुरू झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पेनमधला वर्ल्ड कप, अल्जेरियाचा पहिलाच, आणि पहिल्याच मॅचला त्यांनी पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं. वर्ल्ड कपात आफ्रिकेच्या टीमने युरोपच्या टीमला हरवायची ही पहिली वेळ. पुढे ऑस्ट्रियाकडून हरले, चिलीला हरवलं, आणि दुसऱ्या दिवशी जर्मनी-ऑस्ट्रिया मॅचमध्ये दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या ह्रुबेशने गोल केला, त्यानंतर दोन्ही टीम्सनी ऐंशी मिनिटं नुसता टाइमपास केला कारण १-० मध्ये दोघंही पुढे जात होते आणि अल्जेरिया घरी. स्टँडमधले लोक नोटा फडकवत होते. फिफाने तक्रार फेटाळली, पण १९८६ पासून ग्रुपातल्या शेवटच्या दोन मॅच एकाच वेळी ठेवायला लागले.

पण मला अन्यायाबद्दल बोलायचं नाहीये, त्यावर भरपूर रडून झालंय. मला त्या टीमबद्दल बोलायचंय. बेलूमी मस्काराच्या क्लबातला, मॅजर आणि मेर्झेकान अल्जियर्सच्या हुसेन दे मधले, फेरगानी तिझी उझूचा. फ्रान्समध्ये खेळणारे दाहलेब वगैरे मोजके होते, बाकी सगळा माल घरचा. १९७७ च्या क्रीडा सुधारणेत क्लब सरकारी कंपन्यांना जोडले होते (अल्जियर्सच्या मुलूदिया क्लबाला तेल कंपनी, तिझी उझूवाल्यांना इलेक्ट्रॉनिक्स), आणि २८ वर्षांचा होईपर्यंत खेळाडूला परदेशी क्लबात जायची परवानगी नव्हती. म्हणजे एकाच लीगमध्ये सगळे एकमेकांशी वर्षानुवर्षं खेळलेले. जर्मनीविरुद्धचा टीमचा दुसरा गोल बघा, बेलूमीचा. रुमेनिगेने बरोबरी केली, सेंटरवरून बॉल सुरू झाला, आणि पास, पास, पास, डावीकडून असाद आत घुसला, बॉल समोर टाकला आणि बेलूमीने गोल केला, एकाही जर्मनाचा पाय बॉलला लागला नाही. असं कॅम्पमध्ये दहा दिवस एकत्र आणून होत नाही.

आणि आता? २००९ मध्ये फिफाने देश बदलायची वयाची अट काढली, ती काढावी म्हणून प्रस्ताव कोणाचा तर अल्जेरियाच्याच फेडरेशनचा. तेव्हापासून यांचं आयत्या बिळावर नागोबा चाललंय. पोरं फ्रान्सच्या अकॅडमीने वाढवायची आणि यांनी जर्सी घालायची. माझ्या मते १९८२ नंतर अल्जेरियाने अल्जेरियात टीम घडवणं जवळजवळ सोडून दिलं. बोला आता.

निळावंती

बोलतेच. धागा वाचून वाटलं की अल्जेरियाचं फुटबॉल १९८२ लाच जन्माला आलं.

एप्रिल १९५८. अल्जेरिया फ्रान्सच्या ताब्यात, स्वातंत्र्ययुद्ध जोरात. फ्रेंच लीगमध्ये खेळणारे अल्जेरियन प्रोफेशनल्स गुपचूप निघाले, कोणी स्वित्झर्लंडमधून कोणी इटलीतून, आणि ट्युनिसला जमले. मोनॅकोचा झितूनी, तो तर फ्रान्सच्या नॅशनल टीमचा डिफेंडर, स्वित्झर्लंडविरुद्धच्या मॅचला त्याची निवड झालेली. सेंट एटिएनचा रशीद मेखलूफी, वय २१, आणि तो तेव्हा फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी करत होता, म्हणजे ते फुटबॉल सोडणं नव्हतं, सैन्यातून पळणं होतं. दोन महिन्यांवर स्वीडनचा वर्ल्ड कप होता. फ्रान्स त्यात तिसरा आला. हे दोघं तिथे असू शकले असते.

ही एफएलएनची, म्हणजे स्वातंत्र्ययुद्ध लढणाऱ्या संघटनेची टीम. फिफाने मान्यता दिली नाही, उलट यांच्याशी खेळाल तर बघा असा दम दिला. तरी ते चार वर्षं खेळत फिरले, इराक, युगोस्लाव्हिया, हंगेरी, चीन, उत्तर व्हिएतनाम. देश अजून नकाशावर नाही पण मॅचआधी झेंडा चढतोय, राष्ट्रगीत वाजतंय. १९६१ ला बेलग्रेडमध्ये युगोस्लाव्हियाला ६-१ हाणलं.

तर मुद्दा असा की अल्जेरियाची पहिली टीम जवळजवळ सगळी फ्रेंच लीगमध्ये तयार झालेली होती. आणि तुमच्या त्या 'घरच्या' १९८२ च्या टीमचे कोच कोण? खालेफ आणि मेखलूफी. १९९० ला घरच्या मैदानावर नायजेरियाला १-० हरवून आफ्रिकन कप जिंकला तेव्हाचा कोच? केरमाली, तोही १९५८ चाच, लिऑनचा. समुद्राच्या दोन्ही बाजू पहिल्या दिवसापासून या टीममध्ये आहेत, तुम्ही एकच बाजू मोजताय.

रानवारा

ताई, मेखलूफी जन्मला सेतीफला. त्याच्या लहानपणी, मे १९४५ मध्ये, फ्रेंचांनी तिथे माणसं कापली. तो फ्रान्सला गेला कारण वसाहतीत खेळून पोट भरत नव्हतं. आणि त्याने वर्ल्ड कप सोडून टीम धरली. आजचे कधी येतात? तिकडे डाळ शिजली नाही की. फेगूली फ्रान्सच्या अंडर-२१ कडून खेळला, औआर तर सीनियर टीमकडून एक मॅच खेळला आणि परत बोलावणं आलं नाही तेव्हा याला अल्जेरिया आठवला. दोन्ही एकाच तराजूत कसे घालता?

पेठेतला बॅक

आमच्या कोल्हापुरात हा वाद दर सीझनला हुतोय राव. तालमीच्या टीममध्ये बाहेरचा प्लेअर आणला की कट्ट्यावर दोन गट. पेठेतल्या पोरानं बेंचवर बसायचं आणि बाहेरनं आलेल्यानं हार घालून घ्यायचा का म्हणून. आणि फायनल जिंकली की त्याच प्लेअरला खांद्यावर घिऊन नाचत्यात. तवा कुणी जन्मदाखला मागत न्हाई.

त्यामुळं रानवारा भाऊ, २०१९ ला अल्जेरियानं आफ्रिकन कप जिंकला तवा तुमी खुश होता का न्हवता ते आदी सांगा.

हिशोबनीस

वरच्या वादात पडत नाही, मला त्या 'अन्यायावर भरपूर रडून झालंय' वर बोलायचंय, कारण रडताना कोणी गोल मोजत नाही.

जर्मनी ६ केले ३ खाल्ले. ऑस्ट्रिया ३ केले १ खाल्ला. अल्जेरिया ५ केले ५ खाल्ले. तिघांचे पॉइंट सारखे. आता चिलीची मॅच बघा, हाफ टाइमला अल्जेरिया ३-० पुढे. असादचे दोन, बेनसाऊलाचा एक. नंतर दोन खाल्ले, ३-२. ते दोन खाल्ले नसते तर केलेल्या-खाल्लेल्या गोलांचा फरक +२ झाला असता, ऑस्ट्रियाचा पण +२, आणि मग जास्त गोल करणारा पुढे, म्हणजे अल्जेरिया. अशा वेळी जर्मनीने १-० केल्यावर ऑस्ट्रियाला गोल करणं भागच होतं, दोघांनी मिळून झोपा काढायची सोयच राहिली नसती.

तेव्हा संगनमताला शिव्या घालाच, पण ज्या बांधीव घरच्या टीमचं तुम्ही कौतुक करताय तिनेच ४५ मिनिटांत दरवाजा उघडा ठेवला. एक गोल खाल्ला असता तरी बाहेर, हेही सांगतो, दोन्ही अडवायला हवे होते.

रानवारा

@हिशोबनीस गणित बरोबर आहे पण चिलीशी खेळताना अल्जेरियाला दुसऱ्या दिवशी काय होणार हे कुठे माहीत होतं? जर्मनी-ऑस्ट्रियाला मात्र सगळे आकडे हातात घेऊन उतरायला मिळालं. अन्याय वेळापत्रकात होता, चिलीच्या दोन गोलांत नव्हे.

@पेठेतला बॅक खुश होतो हो. माहरेझने नायजेरियाविरुद्ध ९५ व्या मिनिटाला ती फ्री किक मारली तेव्हा मी पण ओरडलोच. पण खुश होणं वेगळं.

अडीच शहाणा

माहरेझचं नाव घेतलंत म्हणून. तो पॅरिसजवळच्या सार्सेलचा, बारका पोरगा, कुठल्याही मोठ्या फ्रेंच अकॅडमीने त्याला हात लावला नाही, फ्रान्सच्या ज्युनियर टीमने बोलावलं नाही. फालतू लीगमधून ल हाव्र, तिथून २०१४ ला लेस्टर, तेही तेव्हा सेकंड डिव्हिजनला. अल्जेरियाने त्याला घेतलं तेव्हा तो स्टार नव्हता. म्हणजे 'फ्रान्सने वाढवलं आणि यांनी नेलं' हे तुमच्या टीमच्या कॅप्टनलाच लागू होत नाही.

आणि दुसरं, नव्वदचं दशक धाग्यात कुठे गायब झालं? १९९२ नंतर देशात यादवी, बॉम्ब, कत्तली, एक लाखाच्या वर माणसं गेली असं म्हणतात. अशात कुठली अकॅडमी आणि कुठलं ग्रासरूट? सरकारी कंपन्यांचा पैसा पण आधीच आटला होता. १९९४ च्या आफ्रिकन कपमधून तर अपात्र खेळाडू उतरवला म्हणून बाहेर काढलं. १९८६ नंतर वर्ल्ड कप दिसला तो थेट २०१० ला. घर जळल्यावर माणूस नातेवाईकांकडे जातो, त्याला ऐतखाऊ म्हणत नाहीत.

निळावंती

अगदी. आणि ते नातेवाईक परके नव्हते हे ६ ऑक्टोबर २००१ ला दिसलं. स्ताद द फ्रान्समध्ये फ्रान्स-अल्जेरिया, दोन देशांच्या सीनियर टीम्सची पहिली आणि आजवरची एकमेव मॅच. फ्रेंच राष्ट्रगीताला शिट्ट्या, फ्रान्स ४-१ पुढे, आणि ७६ व्या मिनिटाला पोरं मैदानात घुसली, मॅच तिथेच थांबली. ही पोरं अल्जियर्सहून आलेली नव्हती, पॅरिसच्या उपनगरातली होती. त्या दिवशी अल्जेरियाचा तो एकुलता एक गोल कोणाचा माहितीये? जमाल बेलमादी, जन्म फ्रान्सचा. तोच १८ वर्षांनी कोच म्हणून आफ्रिकन कप घेऊन आला.

गोंयकार बाब

थोडं अवांतर. आपल्याकडे हाच प्रश्न उलटा आहे, दुहेरी नागरिकत्व नाही म्हणून ओसीआय कार्डवाला (भारतीय वंशाचा, पण पासपोर्ट परदेशी) भारताकडून खेळू शकत नाही. पुणे एफसीचा आराता इझुमी आठवतो का, वडील भारतीय, आई जपानी, जपानी पासपोर्ट सोडला तेव्हा कुठे २०१३ ला भारताची जर्सी मिळाली. अल्जेरियाच्या पोराला हा त्रास नाही, दोन्ही पासपोर्ट खिशात. म्हणून मला वाटतं रानवारांचा राग थोडा बरोबर आहे, काही सोडावं लागत नसेल तर निवड स्वस्त होते.

अडीच शहाणा

स्वस्त कसली? एकदा स्पर्धात्मक मॅच खेळून बसलात की परतीचे दरवाजे जवळपास बंद. बेन्नासेर फ्रान्सच्या अंडर-१९ कडून खेळलेला, विशीच्या आत अल्जेरिया निवडला, तेव्हा फ्रान्सने त्याला नाकारलेलं वगैरे काही नव्हतं. २०१९ ला स्पर्धेचा बेस्ट प्लेअर तोच.

रानवारा

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो. यादवी मान्य, पण ती २००२ च्या सुमारास संपली. त्यानंतर इतकी वर्षं काय केलं? तेल-गॅसचा पैसा आला, स्टेडियम बांधली, आणि अकॅडमी म्हणून नाव घ्यावं असा क्लब एकच, पॅराडू. तिथून बेन्सबैनी आला, अताल आला, बुदावी आला. एका क्लबातून एवढे, तर अशा दहा असत्या तर? याचाच अर्थ पोरांत दम आहे, फेडरेशनला कष्ट नकोत.

निळावंती

पॅराडूची अकॅडमी २००७ ला कोणाबरोबर सुरू झाली तेही लिहा ना. जाँ-मार्क गियू, फ्रान्सचा जुना खेळाडू, आयव्हरी कोस्टमध्ये ज्याने आधी अकॅडमी चालवली. पोरांना सुरुवातीला बूट घालू देत नाहीत, अनवाणी खेळवतात, बॉल पायाला कळावा म्हणून. म्हणजे तुमचं अस्सल घरचं उदाहरण पण निम्मं फ्रेंच पद्धतीचं निघालं :)

रानवारा

कोच कुठूनही येऊ द्या, हालिल्होजिच बोस्नियाचा होता आणि त्याने २०१४ ला जर्मनीला एक्स्ट्रा टाइमपर्यंत घाम फोडला, मला काही अडचण नाही. मी पोरं कुठे तयार होतात हे विचारतोय. २०१९ च्या फायनलची अकरा जणांची टीम काढा. एमबोल्ही, झेफान, मांदी, गेदिउरा, बेन्नासेर, माहरेझ, फेगूली, सात जण फ्रान्समध्ये जन्मलेले. बेनलामरी, बेन्सबैनी, बेलायली, बुनेजा, चार घरचे. आणि फायनलचा गोल? दुसऱ्या मिनिटाला, बुनेजा, ओरानचा पोरगा.

हिशोबनीस

आणि त्याला बॉल दिला कोणी? बेन्नासेर. जन्म आर्ल, फ्रान्स.

पेठेतला बॅक

😂😂 घ्या. जर्मनीच्या मॅचला पण बगा, बेलूमीचा गोल घरचा पण बाहेर खुर्चीत बसलेला मेखलूफी. ह्यो वाद काय मिटत न्हाई.

रानवारा

एका पासवर मला गप्प करू नका. ओरानला, कॉन्स्टंटाईनला, सेतीफला पॅराडूसारखी अकॅडमी का नाही, याचं उत्तर वर एकानेही दिलेलं नाही. कोणाकडे असेल तर लिहा, बाकी शेरेबाजी चालू द्या.