अनुभव धागा : गल्लीचा, गावाचा पैसा कुठं जावा हे तुम्ही कधी ठरवलंय का?

टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी अख्खं कोल्हापूर रस्त्यावर होतं. एन. डी. पाटील सर पुढं, मागं गल्लोगल्लीच्या तालमी-मंडळं, रिक्षावाले, व्यापारी, बायाबापड्या. शेवटी सरकारला टोल गुंडाळावाच लागला. नको ते हाणून पाडण्यात आपला हात कुणी धरणार नाही. पण हवं ते पदरात पाडून घेण्याचं काय? महापालिकेचं अंदाजपत्रक मांडतात त्या दिवशी आपल्यातल्या किती जणांना खबर असते? सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली, मग पाच वर्षं प्रशासक, आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर आता पुन्हा नगरसेवक आलेत. खेड्यात ग्रामसभा मधल्या काळातही चालूच होत्या, निदान कागदावर तरी.

तर ग्रामसभा असो, प्रभाग असो, दूध संस्था नाहीतर तालीम, तुम्ही काय मागितलं, कुणाकडं मागितलं आणि पुढं काय झालं ते लिहा. कुणाची नावं घेऊ नका. 'सिस्टीमच खराब' एवढं लिहायला येणार असाल तर त्यासाठी चहाची गाडी आहे.

करवीर, पश्चिमेकडचं गाव

आमच्यात वेशीवर कमान बांधायची टूम निघाली. आजूबाजूला कमानी झाल्या, आपल्याच गावाला नाही म्हणून पोरं पेटलेली. इकडं खालच्या गल्लीत सांडपाणी रस्त्यावरनं वाहतंय, शाळेची पोरं त्यातनंच जातायत.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, कायदाच आहे. आमच्याकडं ती वही घरोघर फिरवून, सह्या घेऊन व्हायची. त्या खेपेला बचत गटाच्या बायका खरोखरच जाऊन बसल्या. भाऊसाहेबांनी (म्हणजे ग्रामसेवक. पदाचं नाव आता बदललंय, हाक तीच) सगळं ऐकून मान डोलावली आणि वही मिटायला लागले. आमची चुलती उठली. "भाऊसाहेब, मान हलवून भागत न्हाई. आधी लिवा, मग च्या. सूचक माझं नाव, अनुमोदक हिचं. आणि लिवलेलं वाचून दावा." त्यांनी वाचलं : गटार दुरुस्ती करणे. कुठली गटार? चुलतीनं मारुतीच्या देवळापासून ओढ्यापर्यंत असं घालायला लावलं. नाहीतर गटार झाली असती हो, पण वरच्या आळीत.

खरा वाद ग्रामसभेत झाला. कोरमसाठी मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. एरवी ती भरत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे पुढच्या वेळी दहा डोकी गाव चालवतात. या वेळी बायकांनीच शंभरी भरली. पोरं कमानीवर अडून बसलेली. तेव्हा माझ्या भावानं वित्त आयोगाचा हिशोब काढला. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला साठ टक्के निधी बंधित होता. तो पाणी आणि स्वच्छता सोडून कशालाच लावता येत नव्हता. उरलेल्या चाळीसात शाळेची कामं, दिवाबत्ती, रस्ते. कमानीला हात कुठनं घालणार? पोरांना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. गटार आराखड्यात गेली, झाली. कमान पण झाली नंतर, वर्गणीतनं. चुलतीनं तिलाही पैसे दिले.

उपनगरातला

आम्ही कॉलनीतल्या सगळ्यांनी मिळून नगरसेवकाकडं दिवे मागितले होते. फार जुनी गोष्ट. बाकडी आली. सिमेंटची, पाठीवर 'यांच्या फंडातून' आणि नाव मोठ्या अक्षरात. रात्री अंधारात बसायची सोय झाली.

निवृत्त, कसबा बावडा

लेखा विभागात आयुष्य गेलं, कुठल्या ते सोडा. वर बाकडी मिळाली त्यांना विचारतो, मागणी तोंडी होती की लेखी? आणि कुठल्या महिन्यात केली होती?

लोक मार्चमध्ये जागे होतात. तोवर आयुक्तांचा मसुदा तयार होऊन स्थायी समितीकडं गेलेला असतो. मागणी घालायची ती दिवाळी झाली की लगेच, नोव्हेंबर-डिसेंबरात. नगरसेवकाला द्याच, पण एक प्रत आपल्या विभागीय कार्यालयातही द्या. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट, यातलं तुमचं कुठलं ते घरफाळ्याच्या बिलावरनं कळेल. एका अर्जात एकच काम. कुठून कुठपर्यंत, किती लांबी, एक फोटो. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. 'आमच्या भागाचा विकास करावा' असल्या अर्जाला कुठला अभियंता इस्टिमेट करणार?

पुण्यात २००६ पासून नागरिकांकडनं कामं मागवून अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. तिथंही सगळं आलबेल नाही, पण निदान अर्ज कुठं करायचा हे माणसाला माहीत असतं. आपल्याकडं ते माहीत करून घ्यावं लागतं. महापालिकांच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूदही आहे. प्रभागातल्या मतदारांनी बसून कामांचा क्रम लावायचा, अशी. तुमच्या नवीन नगरसेवकाला सहज विचारून बघा, क्षेत्रसभा कधी घेताय म्हणून. चेहरा बघण्यासारखा असतो.

उपनगरातला

काका, तोंडीच होती. गणपतीच्या मांडवात.

शिरोळ तालुका

माझा अनुभव पैशाचा नाही, तरी लिहिते. मे २०२२ मध्ये आमच्या तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मी हेरवाडची नाही, जवळच्या गावची. आमच्याकडंही नंतर ठराव झाला.

ठराव मोडला म्हणून कुणाला दंड होत नाही, पोलीस येत नाहीत. मग उपयोग काय, असं मलाही कुणीतरी विचारलेलं. आमचे मामा वारले तेव्हा भावकीतल्या दोन म्हाताऱ्या नेहमीप्रमाणं पुढं झाल्या. मामींची सून म्हणाली, "आज्जी, गावानं ठरवलंय, आता करायचं न्हाई." तिच्या एकटीच्या शब्दाला त्या घरात काडीची किंमत नव्हती. गावानं ठरवलंय म्हटल्यावर म्हाताऱ्या कुरकुरल्या, पण थांबल्या. मामींच्या हातात बांगड्या आहेत. हळदीकुंकवाला बोलावणं मात्र अजून सगळ्या घरांतनं येत नाही, तेही सांगते.

दूध संस्थेचा सभासद

सर्वसाधारण सभा म्हणजे आपल्या जिल्ह्याची खासियत. अहवाल वाचायला सुरुवात, पुढच्या रांगेतनं "मंजूर, मंजूर", मागच्या रांगेतनं "नामंजूर", आणि राष्ट्रगीत. तीस सप्टेंबरच्या आत सभा झाली, कायद्याचं समाधान झालं. आमच्या गावातल्या छोट्या संस्थेत आम्ही काही सभासदांनी आधीच लेखी प्रश्न दिले : पशुखाद्याची खरेदी कुणाकडनं, फॅटचा फरक कुणाला किती. सभेत ओरडलो नाही. लेखी प्रश्नाला सचिवांना उत्तर वाचावंच लागलं, आणि ओरडणाऱ्यांनाही ऐकावं लागलं. बोनसच्या रकमेत फरक पडला नाही. खरेदीची दरपत्रकं मात्र तेव्हापासून नोटीस बोर्डावर लागतात.

पाचगाव

आमचं काय ते सांगा. शहराला चिकटलेलं गाव, घरफाळा ग्रामपंचायतीला. बांधकाम परवानगी नागरी विकास प्राधिकरणाची, २०१७ ला शहराभोवतीच्या बेचाळीस गावांचं झालं ते. नोकरी, दवाखाना, मंडई सगळं शहरात. हद्दवाढीचा, म्हणजे आमच्यासारखी गावं महापालिकेत घ्यायचा विषय निघाला की एक गट ग्रामसभेत विरोधाचा ठराव करतो, दुसरा गट सोसायटीच्या गेटवर समर्थनाचा फलक लावतो. मी फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या बिल्डिंगमधला एकही माणूस ग्रामसभेला जात नाही, कारण 'ते गावच्या लोकांचं असतं'. मी गेलो. कुणी हाकललं नाही, उलट पुढची खुर्ची दिली. मतदार यादीत नाव असलं की झालं. पथदिव्यांचा विषय मांडला, ठरावात आला. काम अजून व्हायचंय.

करवीर, पश्चिमेकडचं गाव

पाचगावकर, ठरावाची नक्कल घेऊन ठेवा. साधा अर्ज करा. देईनात तर माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, तीस दिवसांची मुदत असते. नक्कल आल्यावर वाचून बघा, पथदिवे कुठल्या रस्त्याला ते लिहिलंय का.