क्रिप्टोग्राफीच्या आधी नंबर थिअरी सक्तीची हवी का?

कृष्णाकाठ, सांगली:
एमएस्सी गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे, पुढच्या सत्रात क्रिप्टोग्राफी, म्हणजे निरोप गुप्त ठेवण्याचं शास्त्र, घेणार. मामांना म्हटलं नंबर थिअरी, म्हणजे पूर्णांकांचं गणित, लागते, तर म्हणाले, "मग माझ्या नव्या गाडीचा नंबर बघून सांग!" (अंकशास्त्र म्हणजे ज्योतिष, संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स. म्हणून इथे नंबर थिअरीच म्हणतो.)

माझं म्हणणं, आधी एक अख्खं सत्र नंबर थिअरी हवी, सिद्धतांसकट. पुढच्या वर्गातल्या मुलांना आरएसए या निरोप कुलूपबंद करण्याच्या पद्धतीचं सूत्र तोंडपाठ आहे, पण ते का चालतं, हे विचारलं की गप्प. वहीत करून बघा. मूळ संख्या ३ आणि ११, त्या गुप्त; गुणाकार ३३, तो जाहीर. दोन्हींतून एकेक वजा करून गुणलं की २०. जाहीर किल्ली ३, गुप्त किल्ली ७, कारण ३ गुणिले ७ म्हणजे २१, आणि २० ने भागल्यावर बाकी १. निरोप समजा ४. त्याचा घन ६४, ३३ ने भागून बाकी ३१. आता ३१ चा सातवा घात? कॅलक्युलेटर नको. ३३ च्या हिशेबात ३१ म्हणजे उणे २. त्याचा सातवा घात उणे १२८, त्यात १३२ मिळवले की ४. निरोप घरी परत! फर्माचं छोटं प्रमेय येत नसेल, तर ही नुसती जादू.

पोवईनाका, सातारा:
जादू छान आहे, पण सक्ती कशाला? नऊ वर्षं पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. अवयव पाडून आरएसए फोडलेलं एकदाही पाहिलं नाही. २०२० मध्ये २५० अंकी संख्येचे अवयव पाडले, त्याचं केवढं कौतुक झालं. वापरातल्या २०४८ बिटांच्या संख्या ६१७ अंकी असतात. फुटतं ते कोड. डेबियन लिनक्समध्ये दुरुस्तीच्या नादात कोडची ओळ काढली गेली आणि एका आकाराच्या शक्य किल्ल्या जेमतेम ३२ हजार उरल्या. २००८ मध्ये ते उघड झालं. तिथे कुठलं प्रमेय कमी पडलं?

कृष्णाकाठ:
आणि २०१२? संशोधकांनी इंटरनेटवरच्या जाहीर किल्ल्या गोळा करून त्यांचे मसावि काढले, हजारो फुटल्या. ३९१ आणि ४९३ हे दोन जाहीर गुणाकार घ्या. अवयव पाडायला वेळ जाईल, मसावि चार भागाकारांत १७ येतो. दोन्ही किल्ल्या उघड्या. सातवीचं गणित, काका!

पोवईनाका:
काका कुणाला म्हणतोस? त्या किल्ल्या बहुतेक राउटरसारख्या यंत्रांच्या होत्या. चालू झाल्याझाल्या किल्ली बनवायची, तेव्हा पुरेसा यादृच्छिकपणाच (रँडमपणा) नसायचा, म्हणून सारख्याच मूळ संख्या निघाल्या. कडी आधीच निघालेली होती, मसाविनं फक्त दार ढकललं.

जुना मास्तर, मिरज:
तुझी गुप्त किल्ली ७ कशी मिळाली, ते गाळलंस रे बाळा. तो कुट्टक, म्हणजे ठरावीक बाकी देणारी संख्या शोधायची जुनी रीत. आर्यभटानं दिलाय, लीलावतीतही आहे. मात्र "सगळं आपल्याकडे होतंच" म्हणणाऱ्यांनी उड्या मारू नयेत. जाहीर किल्लीची कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. आणि सक्तीचं सत्र मलाही नको. सक्तीनं शिकवलेली सिद्धता मुलं परीक्षेच्या संध्याकाळी विसरतात, तीस वर्षं बघितलंय. अडलं की तिथल्या तिथे शिकवा.

विश्रामबागची:
तुम्ही तिघंही जुन्या वाड्याच्या वाटणीवर भांडताय. पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला की आरएसए संपलं, हे गणितज्ञ पीटर शोरनं १९९४ मध्येच दाखवलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं नवी मानकं काढली. त्यातलं किल्ली ठरवण्याचं मानक जाळ्यांच्या, म्हणजे लॅटिसच्या गणितावर उभं आहे. सगळा हिशेब बहुपदींचा, ३३२९ च्या बाकीत. सत्र द्यायचंच तर रेषीय बीजगणिताला द्या.

कृष्णाकाठ:
३३२९ मूळच आहे ना, ताई? आणि ३३२८ ला २५६ नं भाग जातो, म्हणून तर बहुपदींचे गुणाकार झटपट होतात. ती कुणी लॉटरीत काढली नाही. आली की नाही नंबर थिअरी परत?

पोवईनाका:
त्याच ३३२९ ची गोष्ट ऐक. त्या पद्धतीच्या नमुना कोडमध्ये गुप्त आकड्यांना ३३२९ नं भागायचे. भागाकाराला लागणारा वेळ आकड्यागणिक बदलू शकतो, आणि तो मोजून किल्ली काढता येते, हे २०२३ च्या अखेरीला उघड झालं. सिद्धतेत कुठेच खोट नव्हती.

कृष्णाकाठ:
हे माहीत नव्हतं. भागाकाराला कमीजास्त वेळ नेमका का लागतो? आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही.

पोवईनाका:
रविवारी मिरजेला येतोय. वही नको, लॅपटॉप आण.