बास्केटबॉल शिकवता येतो का? फॉग ॲलन यांच्याबद्दल माहिती हवी

खानापूरची_पीटी_बाई:
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत मुलींचा बास्केटबॉल मी घेते. पालक म्हणतात, "त्यात शिकवायचं काय? बॉल द्या, खेळतील की!" खेळाचे जनक नेस्मिथसुद्धा असंच म्हणाले होते आणि त्यांच्याच विद्यार्थ्यानं, ॲलननी, ते खोटं ठरवलं असं ऐकलंय. खरं काय?

टिळकवाडी_जुना_खेळाडू:
खरं आहे, ताई. ॲलन मूळचे अमेरिकेतल्या मिसुरीचे, जन्म १८८५. कॅन्सस विद्यापीठात नेस्मिथ यांच्या हाताखाली बास्केटबॉल खेळले, बेसबॉलही खेळले. प्रशिक्षक व्हायचं म्हटल्यावर नेस्मिथनी सांगितलं म्हणे, हा खेळ शिकवायचा नसतो, खेळायचा असतो. पण आकडे बघा. कॅन्ससमध्ये प्रशिक्षक म्हणून नेस्मिथ यांचे विजय ५५, पराभव ६०. ॲलन ३९ हंगाम तिथं होते, विजय ५९०! १९५२ चं राष्ट्रीय विजेतेपदही. अडॉल्फ रप आणि डीन स्मिथ हे पुढचे मोठे प्रशिक्षक त्यांच्याच संघातले. शिवाय ऑस्टिओपॅथीचे (हाडं-स्नायूंवर हातानं उपचार करण्याच्या पद्धतीचे) डॉक्टर, पोरांचे मुरगळलेले पाय स्वतः बघायचे.

मला सगळ्यात मोठं काम वाटतं ते १९२७ चं. नियम समितीनं ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत पुढे नेणं, एका टप्प्यावर आणायचं ठरवलं होतं. ॲलननी प्रशिक्षकांना एकत्र केलं आणि निर्णय फिरवला. त्यातूनच अमेरिकेतल्या प्रशिक्षकांची संघटना झाली. तुमच्या मुली आज बॉल आपटत कोर्टभर पळतात, त्यात या माणसाचा वाटा आहे.

निपाणीकर:
१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ यावा म्हणूनही त्यांनीच जोर लावला होता. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या कोर्टवर, भर पावसात. चिखलात बॉल उसळेना, नुसते पास. अमेरिका १९, कॅनडा ८. नेस्मिथ स्वतः हजर होते.

खानापूरची_पीटी_बाई:
अगदी आमचं जुलैचं मैदान! तांबडा चिखल, बॉल पडला की तिथंच रुतून बसतो. सर, एक अडचण सांगते. एक मुलगी वेगवान आहे, पण ड्रिबल तळव्यानं करते, मान खाली. काय करू?

टिळकवाडी_जुना_खेळाडू:
तळवा बॉलला लागूच द्यायचा नाही, बोटांच्या पेरांनी दाबायचा. तुम्ही समोर उभ्या राहा, हाताची बोटं वर करा आणि ड्रिबल चालू असताना तिला मोजायला लावा. मान आपोआप वर येते. पाऊस असेल त्या दिवशी व्हरांड्यात भिंतीवर चेस्ट पास (छातीपासून दोन्ही हातांनी बॉल ढकलणं) घ्या. आणि पालकांना एकदा सरावाला बोलवा की.